नोटिसांचा वैशाख

वैशाख अर्धा सरला की आमच्या वसईत दोन कामं सुरू होतात. नाल्यांतला गाळ उपसून रस्त्याच्या कडेला त्याचे ढीग लावले जातात, आणि जुन्या इमारतींच्या दारांवर नोटिसा चिकटवल्या जातात. गाळ उचलायला सहसा कुणी येत नाही. पाऊस आला की तो आपला आपण नाल्यात परत जातो. नोटिसा मात्र टिकतात. खळ इतकी सढळ हाताने फासलेली असते की वर्ष उलटलं तरी कागदाचा वरचा कोपरा दाराला धरून राहतो आणि पुढच्या वैशाखात त्याच्यावरच नवा कागद चढतो. 'सदर इमारत अतिधोकादायक असून' इथून पुढची सगळी वाक्यं मला पाठ आहेत. अशा वाक्यांच्या मागे जे अहवाल असतात, त्यांची रेखाटनं करण्यात माझी तीस वर्षं गेली.

नोकरी सुटल्यापासून मी सांडोरच्या आमच्या केळीच्या वाडीत असतो. परवा बाजारात गेलो होतो. एका किराणा दुकानाच्या फळीवर पालिकेचा माणूस नोटीस चिकटवत होता. वारा होता, कागद फडफडत होता. तेव्हा दुकानदारच पुढे झाला आणि त्याने कागदाचा खालचा कोपरा धरून दिला. स्वतःच्याच दुकानावरची नोटीस सरळ लागावी म्हणून. मी पिशवी घेऊन तिथेच उभा राहिलो. लोक असेच असतात, समोरचा माणूस काही काम करतोय असं दिसलं की मदतीला येतात. पास्कोल मास्तरांनी माझी शिडी अशीच धरली होती.

पापडीच्या जुन्या बाजारात वळणावर मास्तरांची ती इमारत आहे. होती, असं म्हणायला हवं होतं, पण ती आहे. काळ्या दगडाचं कमरेइतकं जोतं, सागवानी खांब, दीड हात रुंदीच्या चुन्यातल्या भिंती, वरच्या मजल्याला रस्त्यावर झुकलेला लाकडी सज्जा आणि माथ्यावर मंगळुरी कौलं. खाली चार दुकानं, वर दोन बिऱ्हाडं. पास्कोल मास्तर त्यातल्या कोपऱ्यातल्या दुकानात कपडे शिवायचे आणि वर मार्थाबायबरोबर राहायचे. मूलबाळ नव्हतं. आसपासच्या गावांतल्या नवरदेवांचे सूट, मुलांचे चर्चमधल्या प्रथम कम्युनिअनच्या विधीचे पांढरे कपडे मास्तरांच्या हातचे असायचे. आमच्यासारख्या हिंदू घरांतले सफारीसुद्धा. माझ्या लग्नातला सफारी त्यांनीच शिवला होता. काज आणि बटणं मार्थाबाय करायच्या, वरच्या सज्जात बसून, कारण तिथे उजेड चांगला होता.

नऊ वर्षांपूर्वीच्या वैशाखात मला त्या इमारतीची तपासणी करायला पाठवलं. मी एका स्ट्रक्चरल इंजिनियरच्या कार्यालयात आरेखक होतो. मोजमाप घ्यायचं, भिंतींचे तडे टिपायचे, नकाशा काढायचा, पुढचं साहेब लिहिणार. मालकांची तिसरी पिढी परदेशात होती. त्यांनी जागा एका बिल्डरला द्यायचं ठरवलं होतं, हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांच्या डोक्यावर ते छप्पर होतं त्यांना तेवढं ठाऊक नव्हतं.

तीन दिवस मी तिथे होतो. उकाडा असा की भिंतीला लावलेला तळहात ओला व्हायचा. समोरच्या अंगणात कुणीतरी बोंबील वाळत घातले होते, त्याचा वास आणि चुन्याच्या धुळीचा वास एकत्र नाकात बसला तो अजून गेलेला नाही. मास्तरांनी तिन्ही दिवस काम बाजूला ठेवलं. मी शिडीवर चढलो की ते खाली शिडी धरून उभे राहायचे. भिंत सरळ आहे का ते बघायला मी ओळंबा सोडला की त्याचं टोक हलू नये म्हणून हात आडवा धरून वारा अडवायचे. त्यांना वाटलं होतं की तपासणी झाली की दुरुस्ती होईल. मग त्यांनी एकही खोड लपवली नाही. इथे कौलं सरकलीत, इथे वाशाला वाळवी लागली होती पण आम्ही घासलेट मारलं, मागच्या भिंतीला ही बघ चीर. ती चीर मला दिसली नसती. आडाच्या बाजूच्या बोळात, खिडकीच्या वरच्या अंगाला, केसाएवढी. त्यांनी बोटाने दाखवली.

चीर वाढते आहे की जुनीच आहे, हे बघायचा एक साधा उपाय असतो. तिच्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने पक्की करायची. भिंत हलली तर काच फुटते. मी पट्टी लावली. मार्थाबाय वरच्या मागच्या खिडकीतून बघत होत्या. खाली येऊन त्यांनी मला विचारलं की हे काय केलंस, आणि मी सांगितल्यावर हसल्या. म्हणाल्या, काचेला काय विचारायचं, मला विचार. पस्तीस वर्षं या घराचा आवाज मी ऐकतेय. पावसात कुठलं लाकूड बोलतं ते मला कळतं, ते दुखण्याचं बोलणं नाही. मग त्यांनी मला केळफुलाची भाजी आणि भाकरी वाढली आणि संध्याकाळच्या रोझरीच्या प्रार्थनेपर्यंत बसवून घेतलं.

मी प्रामाणिकपणे नकाशा काढला. खांब चांगले, भिंती ओळंब्यात, मागच्या भिंतीला एक जुनी बारीक चीर, कौलं चाळून घ्यावीत. साहेबांनी तो पडद्यावर पाहिला. ते वाईट माणूस नव्हते, मोठ्याने कधी बोलायचे नाहीत. त्या दिवशीही बोलले नाहीत. चिरेवर बोट ठेवून ते एवढंच म्हणाले, "ही इतकी बारीक कशी दिसेल? जरा स्पष्ट काढ."

मी ती स्पष्ट काढली. खिडकीपासून सुरू केली, रुंद केली आणि पार वाशापर्यंत नेली. संगणकावर भिंतीला चीर पाडायला काही लागत नाही. माऊसच्या दोन टिचक्या. धूळ उडत नाही, आवाज होत नाही. मग ओळंब्याच्या रकान्यातला आकडा बदलला, कारण चीर एवढी असेल तर भिंत झुकलेली असायलाच हवी. काचेच्या पट्टीचा उल्लेख काढून टाकला. मला कुणी धमकावलं नव्हतं. माझं घर काही त्या पगारावर अडलेलं नव्हतं, वाडी होती. मी नाही म्हटलं असतं तर साहेब थोडे नाराज झाले असते, इतकंच. पुढे अनेक रात्री मी स्वतःसाठी सबब शोधली आणि मला एकही धड सापडली नाही. सांगितलेलं काम करायची सवय होती, ते केलं. त्या दिवशी मी डबाही वेळेवर खाल्ला.

आठवड्याने नोटीस लागली. पावसाच्या आत इमारत रिकामी करावी.

खालचे तीन दुकानदार आठ दिवसांत निघाले. वरचं दुसरं बिऱ्हाडही गेलं. मार्थाबाय निघेनात. त्या सज्जात खुर्ची टाकून बसल्या. मी त्या सुमारास बाजारात जायचं टाळत होतो, पण एक दिवस कार्यालयाच्या कामाने जावं लागलं आणि नेमका तेव्हाच खाली रस्त्यावर पाच-पंचवीस माणसं जमली होती. मास्तर सज्जाखाली उभे होते. मास्तरांचा आवाज चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. त्यांच्या घरच्या बोलीत ते बोलत होते, ती बोली आमच्या वाडीतल्या बोलीहून वेगळी, पण सगळं कळत होतं. कागदावर लिहून आलंय, इंजिनियरने मापं घेतलीत, नकाशात चीर दिसते आहे, तू काय शिकलीस म्हणून तुला जास्त कळतं? मला मारायला बसली आहेस का इथे? असं ते सगळ्या बाजारादेखत बोलले. मार्थाबायनी वरूनच एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल, हा मुलगा तीन दिवस आपल्या घरात होता, हा काही बोलेल. चाळिशी उलटलेला मी, त्यांच्या लेखी मुलगाच. मी चपलेचा अंगठा बघत राहिलो.

मग त्या उठल्या. आत जाऊन पत्र्याची पेटी घेऊन खाली आल्या आणि मास्तरांच्या पुढून चालू लागल्या. दाराला कडी कुणी लावली, मला आठवत नाही.

मास्तरांच्या भाच्याने विरारला मनवेलपाड्यात चौथ्या मजल्यावरची एक खोली-स्वयंपाकघराची जागा पाहून दिली. नवी कोरी इमारत, पण पहिल्याच पावसात भिंतींना ओल आली. तिथे कुणी सूट शिवून घेत नव्हतं. मास्तर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यातून कारखान्यातल्या गणवेशांच्या कॉलरींचं काम घरी आणू लागले. फक्त कॉलरी. शर्ट दुसरा कुणी शिवायचा, बाह्या तिसरा. त्या वसाहतीतल्या गाळ्यांचे नकाशे आमच्याच कार्यालयाने काढले होते, पत्र्याची छपरं आणि खांब मनगटाएवढे. त्यातले निम्मे आता बंद आहेत.

आणि पापडीची इमारत? ती पाडली नाही. मालकांमध्ये आपसात वाद लागले, बिल्डर दुसरीकडे गेला, प्रकरण कोर्टात पडलं. पहिला पावसाळा गेला, इमारत उभी. दुसरा गेला. सज्जाच्या कठड्यावर पिंपळ उगवला, कौलं घसरली, दारांवर नोटिसांचे थर चढले, पण भिंत म्हणून हलली नाही. आता तर शनिवार-रविवारी मुंबईहून कॅमेरे घेतलेली मंडळी येतात. जुन्या इमारती बघत फिरतात. लग्न ठरलेली जोडपी जोत्यावर बसून फोटो काढून घेतात. मुलीचा झगा त्या काळ्या दगडांवर पसरतात आणि फोटोवाला सांगतो, वर सज्जाकडे बघा. किती सुंदर, असं सगळे म्हणतात. ती सुंदर आहेच. तिथे माणसं राहत होती तेव्हा तिच्याकडे मान वर करून कुणी पाहत नव्हतं.

मास्तर मला अधूनमधून भेटायचे. रविवारची चर्चमधली मिस्सा ते पापडीलाच येऊन ऐकायचे, पण बाजाराच्या वळणाकडे फिरकायचे नाहीत. भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, पडली का रे? मी म्हणायचो, अजून नाही. ते म्हणायचे, पडेल, पडेल, या पावसात जाते बघ. पहिल्या वर्षी मला ते बोलणं साधं वाटलं. नंतर कळलं की घरी मार्थाबाय त्यांना हेच उलट्या बाजूने विचारत. पापडीहून कुणी आलं की त्या एवढंच म्हणायच्या, उभं आहे ना घर? त्या घर सोडण्यावरून कधी भांडल्या नाहीत. टोमणाही मारला नाही. पण दर पावसाळ्याच्या शेवटी घर उभं असल्याची बातमी यायची आणि मास्तर आणखी एकदा हरायचे. ज्या दुकानात उभा जन्म गेला ते एकदाचं कोसळावं म्हणून हा माणूस ढगांकडे डोळे लावून बसायचा. तिसऱ्या वर्षी श्रावणात मार्थाबाय गेल्या. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच. त्यांना दफनाला पापडीलाच आणलं. अंत्यविधीला मी गेलो होतो, मागच्या रांगेत उभा राहिलो. बाहेर पडताना मास्तरांनी माझा हात धरला आणि म्हणाले, तिला पटलं नाही शेवटपर्यंत, पण मी तिला वाचवलं बघ, नाहीतर त्या मलब्याखाली गेली असती. मी मान हलवली.

परवा किराणावाल्याने कागदाचा कोपरा धरलेला पाहिला आणि माझे पाय आपोआप वळणाकडे गेले. नऊ वर्षांत मी मागच्या बोळात गेलो नव्हतो. आडावर जाळी बसवली आहे, बोळात प्लास्टिकचा खच आहे. खिडकीच्या वर शेवाळ चढलं होतं. मी काठीने ते खरवडलं. काचेची पट्टी तिथे होती. धुरकट, हिरवट, आणि अखंड. खाली ती केसाएवढी चीर, मास्तरांनी दाखवली होती तेवढीच. मी खिशातला रुमाल काठीच्या टोकाला गुंडाळून काच पुसली. का पुसली, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मनवेलपाड्याला गेलो. लिफ्ट बंद होती. मास्तर खिडकीपाशी मशीनवर बसले होते, पायाशी निळ्या कॉलरींचा ढीग. वय ऐंशीच्या पुढे, पण दोरा ओवायला अजून चष्मा लागत नाही. मला पाहून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि विचारलं, पडली का रे?

मी सांगितलं. सगळं सांगितलं. भिंत चांगली होती, चीर जुनी होती, ती मी कागदावर वाढवली, काच तेव्हाही फुटली नव्हती आणि कालही फुटलेली नाही. बोलायला लागल्यावर मला हलकं वाटायला लागलं, आणि आज मला त्याचीच सर्वांत जास्त लाज वाटते. मी तो हलकेपणा घ्यायलाच चार मजले चढून गेलो होतो. समोरच्या माणसाकडे दुसरा कुठला आधार उरला आहे, याचा विचार माझ्या मनात आला नाही.

मास्तरांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं.  मग विचारलं, "कागदावर किती वाढवलीस?"

"अडीच बोटं रुंद," मी म्हणालो.

त्यांनी गळ्यातली फीत काढली, अडीच बोटांचं माप धरलं आणि त्याकडे बघत राहिले. मी माफी मागितली. तेव्हा त्यांनी फीत गुंडाळून ठेवली.

"मला कशाला सांगतोस?" ते म्हणाले. "मी तर तेव्हाही तुझंच ऐकलं. जिने ऐकलं नाही तिला सांग."

मला वाटलं हे बोलण्यापुरतं आहे. पण ते उठले, सदरा बदलला, टोपी घेतली. जिना उतरताना मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. दोन बस बदलून आम्ही पापडीला आलो.  दुसऱ्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी असूनही ते पुढच्या बाकावर जाऊन बसले.

चर्चच्या मागे दफनभूमी आहे. दुपारची बाराची वेळ, माणूस नाही. चपला काढायच्या की नाही ते मला ठाऊक नव्हतं, मी काढल्या, आणि फरशी इतकी तापली होती की पाय ठरेनात. मार्थाबायच्या थडग्यावर काळा दगड आहे, नाव आणि दोन तारखा, बाकी काही नाही. मास्तरांनी टोपी काढली, कपाळाला-छातीला हात लावून खूण केली आणि बाजूला सरकून मला जागा करून दिली.

"बोल," ते म्हणाले.

 तीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंतींच्या नोंदी केल्या होत्या, आता एक वाक्य जुळेना. शेवटी मी म्हणालो, "मार्थाबाय, घर मजबूत होतं. तुमचं बरोबर होतं."

मास्तर वाट पाहत होते. मला वाटलं आणखी काही म्हणायला हवं, पण आणखी काही नव्हतंच. मग ते खाली वाकले आणि त्या दगडाशी त्यांच्या घरच्या बोलीत हळू काहीतरी बोलले. त्यातला 'बाजारादेखत' हा एकच शब्द मला ऐकू आला, आणि तो त्या दिवसाविषयी होता. उठताना त्यांना गुडघ्यावर हात टेकावा लागला. त्यांनी टोपी घातली आणि फाटकाकडे चालू लागले. थांब्यावर बस उभी होती. मी चपला पायात सरकवेपर्यंत ते चढले होते. खिडकीतून त्यांनी वळून पाहिलं नाही, आणि मीही धावलो नाही.